एमओयूचा फोटो आणि डॉकवरचा स्कॅनर

एक विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी एका वेअरहाऊसचा डेटा घेऊन बसली होती. त्यात तिला दिसलं की अख्खा ट्रक, म्हणजे २६ पॅलेट (माल रचलेले लाकडी पाट), दीड मिनिटात उतरतो. एकदा चुकून नाही, रोज. दीड मिनिटात २६ पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टला पंखच फुटले पाहिजेत. तिच्या गाईडनं, म्हणजे मीच, सांगितलं की आउटलायर, म्हणजे बाकीच्यांत न बसणारे चुकीचे आकडे, असतील, काढून टाक. तिनं काढले तर निम्मा डेटाच उडाला. मग ती वैतागून स्वतः डॉकवर, म्हणजे ट्रक लागून माल उतरतो त्या फलाटावर, जाऊन उभी राहिली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, सर, ट्रकच्या आत वायफाय पोचतच नाही.

झालं होतं असं की हातातला स्कॅनर ट्रकच्या आत नेला की नेटवर्क जातं, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं, मागं गाड्यांची लाइन लागलेली असते आणि सुपरवायझर ओरडत असतो. मग लोडर काय करतो, तर आधी सगळा माल बाहेर काढून ओळीनं मांडतो आणि शेवटी एका दमात टॅक टॅक टॅक सव्वीसच्या सव्वीस लेबलं स्कॅन करून मोकळा होतो. सिस्टीममध्ये जी वेळ पडते ती स्कॅन करायची, माल उतरवायला खरी साधारण ४० मिनिटं लागतात. आणि त्या दीड मिनिटावर आम्ही डॉक शेड्युलिंगचं, म्हणजे कुठली गाडी कधी कुठल्या डॉकला लावायची याचं, मॉडेल बांधत बसलो होतो, सव्वा महिना. कंपनीशी रीतसर करार (एमओयू) झालेला, सह्या झालेल्या, फोटो निघालेला.

म्हणून विद्यापीठ आणि लॉजिस्टिक्स (माल साठवण्या-पोचवण्याच्या) उद्योगाची भागीदारी म्हटलं की मला तो फोटोच आठवतो. मधे फाइल, दोन्ही बाजूंना हसणारी माणसं, मागं बॅनर. फोटोवर माझा राग नाही, पण पुढं बऱ्याचदा काहीच होत नाही, किंवा होतं ते भलतंच: वर्षातून दोन गेस्ट लेक्चर, एक वेअरहाऊस व्हिजिट ज्यात मुलं पिवळी जॅकेटं घालून सेल्फी काढतात, आणि कंपनीचा लोगो लावलेली एक लॅब, जिच्या कॉम्प्युटरवर त्या कंपनीला हवं ते सॉफ्टवेअर शिकवलं जातं. याला भागीदारी म्हणायचं तर म्हणा. माझ्या मते कंपनीनं विद्यापीठाला द्यायची सगळ्यात महागडी गोष्ट पैसा नाहीये, ती आहे न सुटलेला प्रश्न, त्याचा खरा, घाणेरडा, न धुतलेला डेटा, आणि डॉकवर उभं राहायची परवानगी. आणि विद्यापीठानं बदल्यात जे राखायचं ते म्हणजे सापडलेलं उघडपणे सांगायचा हक्क, मग ते कंपनीच्या सोयीचं असो नसो. या दोन गोष्टी करारात नसतील तर बाकीची पंधरा पानं कोरीच समजा.

हे मी काही नवीन आदर्शवादी टुमणं लावत नाहीये, हा विषय जन्मालाच असा आलाय. गाड्यांचे रूट कसे आखायचे यावरचा ज्याला पहिला पेपर मानतात तो १९५९ चा, डँटझिग आणि रॅम्सर या दोघांचा. डँटझिग रँड या संशोधन संस्थेतले गणिती, आणि रॅम्सर अटलांटिक रिफायनिंग या तेल कंपनीतले. प्रश्न काय होता, तर डेपोतून पेट्रोलपंपांना टँकर पाठवायचे, कमीत कमी अंतरात कसे पाठवायचे. पाच वर्षांनी, १९६४ मध्ये, क्लार्क आणि राइट यांनी त्याची अशी सोपी पद्धत दिली की आजही रूटिंग शिकवताना सुरुवात तिथूनच होते. त्यातले क्लार्क होते मँचेस्टरच्या कोऑपरेटिव्ह होलसेल सोसायटीत, राइट तिथल्याच कॉलेजात. म्हणजे एक माणूस ज्याच्या डोक्याला रोज गाड्यांचा ताप आहे आणि एक ज्याला गणित येतं, दोघं एका टेबलावर बसले. त्यासाठी सेंटर ऑफ एक्सलन्स काढावं लागलं नव्हतं.

माझं त्याहून आवडतं उदाहरण म्हणजे जे फॉरेस्टर (Jay Forrester) यांचं. हे अमेरिकेतल्या एमआयटीतले इंजिनिअर, १९५० च्या दशकात तिथल्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये आले आणि त्यांना जनरल इलेक्ट्रिक (जीई) कंपनीचे लोक भेटले, ज्यांची केंटकीमधल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्याबद्दल तक्रार होती की कधी तीन-तीन शिफ्ट चालवाव्या लागतात आणि काही वर्षांनी निम्मी माणसं घरी बसवावी लागतात, असं का होतं. सगळ्यांचं सोपं उत्तर, बाजाराची चढउतार. फॉरेस्टरनी लोकांना विचारलं की तुम्ही माणसं कधी घेता, माल कधी मागवता, निर्णय कशावरून करता, आणि वही-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवडा आकडे मांडत गेले. निघालं असं की बाहेरची मागणी अगदी स्थिर धरली तरी कंपनीचे स्वतःचे नियमच हे हेलकावे तयार करतात. म्हणजे दोष बाजाराचा नव्हता, ऑर्डर देण्याच्या पद्धतीचा होता. यातूनच पुढं तो बिअर गेम आला जो आज जगभर वर्गात खेळतात: दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, कारखाना अशा चार खुर्च्या, ग्राहकाची मागणी एकदाच ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि नंतर हलतच नाही, तरी कारखान्याच्या खुर्चीवरचा माणूस अर्ध्या तासात वेडा होतो. मी हा गेम कितीतरी वेळा घेतलाय, दर वेळी शेवटी सगळे दुकानदाराला शिव्या देतात आणि मग दुकानदार त्याच्याकडचा आकडा दाखवतो, ८, ८, ८, ८. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही पीपीटीनं येत नाही.

बघा, जीईनं फॉरेस्टरना काय दिलं? सॉफ्टवेअर नाही, लॅब नाही. एक न कळलेली गोष्ट दिली आणि बोलायला माणसं दिली. तसंच स्टॅनफर्डच्या हाऊ ली यांचं ह्यूलेट पॅकार्डबरोबरचं काम. डेस्कजेट प्रिंटर युरोपला जहाजानं जायचे, पोचायला महिनाभर लागायचा, आणि प्रत्येक देशाचा प्लग वेगळा, मॅन्युअलची भाषा वेगळी. मग व्हायचं काय की एका देशासाठीचा ढीग पडून राहायचा आणि शेजारच्या देशात माल संपलेला. उपाय ऐकायला फालतू वाटतो: पॉवर सप्लाय आणि मॅन्युअल कारखान्यात घालूच नका, तिकडच्या डिस्ट्रिब्युशन सेंटरमध्ये घाला. पण हे ठरवायला स्टॉकचं गणित लागतं, आणि ते करायला खरे विक्रीचे आकडे लागतात, जे कंपनीनं प्रोफेसरच्या हातात दिले. नंतर ते छापूनही आलं, म्हणून तर आज मी ते इथं सांगू शकतोय आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीतला माणूस ते वाचून स्वतःच्या गोडाऊनमध्ये वापरू शकतोय.

आता डेटा मिळत नाही तेव्हा विद्यापीठं काय करतात तेही सांगायला हवं, कारण दोष एकतर्फी नाहीये. १९८७ मध्ये सोलोमन या संशोधकांनी रूटिंगसाठी काही नमुना प्रॉब्लेम तयार केले, १०० ग्राहक, प्रत्येकाची डिलिव्हरीची वेळ ठरलेली, जागा म्हणजे कागदावरचे ठिपके. चांगलं काम होतं, सगळ्यांना एकाच मापानं मोजता आलं. पण नंतर दशकानुदशकं पेपरांमागून पेपर त्याच ठिपक्यांवर, कुणीतरी उत्तर अर्ध्या टक्क्यानं सुधारतो, छापतो, प्रमोशन घेतो. त्या ठिपक्यांना ट्रॅफिक नाही, गेट नाही, साहेब जेवायला गेलेत असं सांगणारा वॉचमन नाही. कंपनीवाले आम्हाला हसतात ते उगाच नाही. आणि आमचं प्रमोशनचं गणितही असं की डॉकवर घालवलेले ६ महिने कुठल्याच फॉर्ममध्ये भरता येत नाहीत, ठिपक्यांवरचा पेपर मात्र भरता येतो, मग माणूस काय करणार.

आणि मग २०२१ मध्ये एक गंमत झाली. अमेझॉननं एमआयटीबरोबर एक स्पर्धा घेतली आणि त्यासाठी ९,१८४ खऱ्या रूटचा डेटा खुला केला, अमेरिकेतल्या पाच शहरांमधला, २०१८ मध्ये खऱ्या ड्रायव्हरांनी चालवलेल्या गाड्यांचा. ग्राहकांची ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन. पण खरी मजा प्रश्नात होती. सगळ्यात छोटा रूट काढा, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असं की अनुभवी ड्रायव्हर कॉम्प्युटरनं दिलेला क्रम मोडून स्वतःच्या क्रमानं जातात, तर तो क्रम आधीच ओळखून दाखवा. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीनं जाहीर कबूल केलं की आमच्या सिस्टीमला जे कळत नाही ते ड्रायव्हरला कळतं. पार्किंग कुठं मिळतं, कुठली गल्ली दुपारी तुंबते, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं, डेटाबेसमध्ये नसतं.

अपेक्षा अशी होती की मशीन लर्निंगवाली पोरं जिंकणार. जिंकले कोण, तर कुक, हेल्ड आणि हेल्सगाउन, जुन्या पद्धतीच्या रूटिंग गणितातले मुरलेले लोक. त्यांनी डेटा नीट बघितला, ड्रायव्हर एक झोन संपवून मग पुढच्या झोनमध्ये जातात, त्यातही ठराविक क्रमानं, हे नियम शोधून काढले आणि ते आपल्या जुन्याच पद्धतीत बसवले. मला याचा जरा जास्तच आनंद झाला होता, वय झाल्याचं लक्षण असेल. पण मुद्दा असा की डेटा बंद असता तर हे कळलंच नसतं, कंपनीनं आतल्या आत कुठलं तरी मॉडेल बसवलं असतं आणि तेच बेस्ट म्हणून खपवलं असतं.

मग जे म्हणतात की आमचा डेटा गोपनीय आहे हो, ग्राहकांचे पत्ते असतात, रेट असतात, स्पर्धक टपलेले असतात, त्यांना माझं उत्तर हेच की ज्यांच्याकडे लपवायला सगळ्यात जास्त आहे त्यांनी करून दाखवलंय. नावं काढा, जागा थोड्या हलवा, दोन वर्षं जुना डेटा द्या. बऱ्याचदा खरी भीती स्पर्धकाची नसतेच, भीती असते ती आपला डेटा किती गचाळ आहे हे बाहेर कळेल याची. त्या दीड मिनिटवाल्या ट्रकसारखी.

अर्थात त्या स्पर्धेला भोळेपणानं डोक्यावर घेऊ नये. कंपनीनं जे दिलं त्यातून कंपनीला हवा तोच प्रश्न विचारता येतो. कुठल्या क्रमानं गेला हे कळतं, त्या दिवशी ड्रायव्हरला श्वास घ्यायला वेळ मिळाला का हे कळत नाही. आणि इथंच विद्यापीठ लागतं. रिकाम्या परत येणाऱ्या गाड्या, गेटवर तासनतास ताटकळणारे ड्रायव्हर ज्यांना थांबल्याचे पैसे मिळत नाहीत, धूर, उन्हात तापणारी पत्र्याची गोडाऊनं, एक-दोन गाड्या असलेले छोटे ट्रान्सपोर्टर, यांच्यासाठी अध्यासन स्थापन करायला कुठलीही कंपनी येणार नाही. आली तरी बोर्डावर नाव लावून जाईल. सगळं संशोधन कंपनीच्या पैशावर चाललं तर हे प्रश्न कुणी दाबले असं म्हणायची पण गरज नाही, ते कुणाला सुचणारच नाहीत.

म्हणून मला जर्मनीतल्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थांची रचना बरी वाटते. त्यांची डॉर्टमुंडची मटेरियल फ्लो आणि लॉजिस्टिक्सची संस्था १९८१ पासून आहे. एकूण फ्राउनहोफरमध्ये ढोबळमानानं एक तृतीयांश पैसा सरकारकडून बिनशर्त येतो, बाकीचा उद्योगांच्या कामांतून आणि स्पर्धेनं मिळवलेल्या प्रोजेक्टमधून. म्हणजे उद्योगाकडे जावंच लागतं, हस्तिदंती मनोऱ्यात बसून चालत नाही, पण एखाद्या कंपनीनं डोळे वटारले तर नाही म्हणण्याइतकं पोट भरलेलं असतं. हँबर्गमधली कूने लॉजिस्टिक्स युनिव्हर्सिटी तर एका लॉजिस्टिक्स उद्योजकाच्या फाउंडेशनच्या पैशावर २०१० मध्ये उभी राहिली, त्यातही गैर काही नाही, फक्त अशा ठिकाणी विषय कोण ठरवतं हा प्रश्न दरवर्षी मोठ्यानं विचारत राहायला हवा.

संशोधन कुलुपात गेलं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे किवा. वेअरहाऊसमध्ये माणसानं शेल्फपर्यंत चालायचं की शेल्फनं माणसापर्यंत, हा प्रश्न उलटा करणारे ते छोटे नारिंगी रोबोट. २००३ साली सुरू झालेली कंपनी, मिक माउंट्झ यांची कल्पना आणि बरोबर दोन प्राध्यापक, कॉर्नेलचे डँड्रिया आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटचे वुर्मन. म्हणजे विद्यापीठातली डोकी बाजारात आली, उत्तम झालं. २०१२ मध्ये अमेझॉननं ७७.५ कोटी डॉलरला कंपनी घेतली आणि हळूहळू बाकीच्या वेअरहाऊसवाल्यांना ते रोबोट विकणं बंद झालं. कायद्यानं यात काही चूक नाही. पण विद्यापीठाच्या पगारावर आणि लॅबमध्ये घडलेलं ज्ञान एकाच गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन बसू शकतं, हे करार करताना आधीच डोक्यात असलेलं बरं.

आता शिक्षणाकडे येतो, कारण "मुलं इंडस्ट्री रेडी नाहीत" हे पालुपद ऐकून कान किटलेत. रेडी म्हणजे काय, तर आमचं सॉफ्टवेअर चालवता येणारी. अहो, त्या सॉफ्टवेअरची स्क्रीन तीन वर्षांत बदलते, ते तुम्ही पंधरा दिवसांत शिकवा की. विद्यापीठानं ते शिकवावं जे तुमच्याकडं कुणी शिकवणार नाही. साधा लिटलचा नियम घ्या, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: तासाला १२ गाड्या येतात आणि प्रत्येक सरासरी अडीच तास थांबते, तर यार्डात कायम सरासरी ३० गाड्या असणारच. यार्ड २० चं असेल तर बाकीच्या १० रस्त्यावर, मग तुम्ही गेटवर कितीही शिट्ट्या मारा. किंवा डॉक रिकामा दिसला की ज्यांचा जीव जळतो त्या मॅनेजरांसाठी: एकच डॉक, गाड्या वाटेल तेव्हा येणाऱ्या, उतरवायचा वेळ कमीजास्त, असं सगळ्यात साधं मॉडेल धरा. डॉक ८० टक्के बिझी असेल तर नंबर लागेपर्यंतची सरासरी वाट कामाच्या वेळेच्या ४ पट. ९५ टक्के बिझी केला तर १९ पट. म्हणजे ४० मिनिटांच्या कामासाठी आधी दोन तास चाळीस मिनिटं थांबायचात, आता साडेबारा तासांच्या वर. हे ज्याला कळलंय तो कुठल्याही स्क्रीनसमोर बसवा, चालतो. ज्याला फक्त स्क्रीन कळलीये तो वर्षभरात ९५ टक्क्यांचा केपीआय (कामगिरी मोजायचा आकडा) गाठून बक्षीस घेतो आणि बाहेर रस्ता जाम.

इंटर्नशिपचं तर बोलायलाच नको. ८ आठवडे, त्यातले दोन गेट पास आणि लॉगिन मिळण्यात जातात, एक ओळखीपाळखीत, शेवटचा पीपीटीत, उरलेल्यात मूल एक्सेल भरत असतं. त्यापेक्षा एकच प्रश्न तीन-चार वर्षं बॅचमागून बॅच पुढं न्यावा, आधीच्या मुलांनी पुढच्यांना डॉकवर नेऊन दाखवावं, आणि जे फसलं तेही लिहून ठेवावं. फसलेलं कुणी लिहीतच नाही, त्यामुळे प्रत्येक बॅच त्याच खड्ड्यात नव्यानं पडते.

आणि थीसिसला कुलूप लावणं तर थांबवाच. माझ्या एका विद्यार्थ्यानं दोन वर्षं राबून काम केलं, शेवटी कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की पाच वर्षं कुणाला दाखवायचं नाही. पोरगा इंटरव्ह्यूला गेला, तुम्ही काय काम केलंत विचारलं तर हा म्हणतो सांगता येत नाही. समोरच्यांना वाटलं काही केलंच नाही. कंपनीला छापण्याआधी वाचायला दोन महिने द्या, रेट-बिट, ग्राहकांची नावं काढायला सांगू दे, पण नाही म्हणायचा अधिकार देऊ नका. हे कलम घातलं की काही कंपन्या उठून जातात, मी बघितलंय. जाऊ देत. माझ्या विभागप्रमुखांना हे अजून पटलेलं नाही.

बरं, त्या २६ पॅलेटचं पुढं काय झालं ते राहिलंच. आमचं शेड्युलिंगचं मॉडेल बाजूला पडलं, रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्या मुलीनं एवढंच लिहिलं की डॉकच्या दारांवर वायफायचे अॅक्सेस पॉइंट बसवा, आणि कंपनीनं, खरंच कौतुक आहे, महिनाभरात बसवले. लोडर आता एकेक पॅलेट उतरवताना स्कॅन करायला लागले. सिस्टीममध्ये पहिल्यांदा खरी वेळ पडली, ४० मिनिटं. पुढच्या महिन्यात डॉक सुपरवायझरला वरून मेल आला की अनलोडिंग टाइम दीड मिनिटावरून ४० मिनिटांवर कसा गेला, खुलासा करा. त्यानं आम्हाला फोन केला, पण प्रोजेक्ट संपला होता, मुलगी पास होऊन गेली होती, माझा गेट पास एक्स्पायर झाला होता.